रिकामा फ्लॅश : लग्नाच्या अल्बमचे एक वाचन

उंब्रजला माझे झेरॉक्स आणि स्टेशनरीचे दुकान आहे. शेजारच्या गाळ्यात फोटो स्टुडिओ. दोघांत एकच भिंत, त्यामुळे दुपारी गिऱ्हाईक नसले की मी पलीकडे जाऊन बसतो. स्टुडिओ ज्यांनी सुरू केला त्यांना सगळे नाना म्हणतात; आता मुलगा धंदा बघतो. नाव छापून यावे अशी नानांची इच्छा नाही, म्हणून ते इथे देत नाही. गेली काही वर्षे मी या स्टुडिओतले अल्बम, निगेटिव्हची पाकिटे आणि ऑर्डरींच्या वह्या वाचतो आहे. ‘वाचतो’ हा शब्द मुद्दाम वापरला. लग्नाचा अल्बम ही एक संहिता आहे, तिला लेखक आहे, संपादक आहे आणि तिच्यातून गाळलेला मजकूरही आहे, असे मला वाटते.

मराठीत फोटोग्राफीच्या इतिहासावर लिहिणारे मुंबईपासून सुरुवात करतात, आणि ते योग्यच आहे. १८५४ साली तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्यातले नावाजलेले फोटोग्राफर, हरिश्चंद्र चिंतामण यांनी त्याच काळात व्यवसाय म्हणून स्टुडिओ चालवला. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा करत होते, हे आपण चरित्रांतून वाचतो. अलीकडच्या काळात गौतम राजाध्यक्षांच्या ‘चेहरे’चे कौतुक झाले. पासपोर्ट फोटो आणि लग्नाच्या ऑर्डरींवर घर चालवणारा तालुक्याच्या गावचा फोटोग्राफर मात्र या लेखनात मला भेटला नाही. त्याच्या शोधात मी डिक्शनरी शेजारी ठेवून इंग्रजी पुस्तकांकडे गेलो. त्यातल्या तिघांशी माझे थोडे भांडण आहे.

पहिला पिएर बुर्द्यू. या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९६५च्या सुमारास आपल्याच बेआर्न प्रांतातल्या एका खेड्यातल्या फोटोंवर लिहिले. त्याचे म्हणणे असे की खेड्यात कॅमेरा शिरला तो लग्नाच्या मांडवातून. आणि लग्नाचा समूह-फोटो पाहुण्यांनी विकत घेणे हा व्यवहार आहेराच्या देवाणघेवाणीसारखा असतो, न घेणे म्हणजे यजमानाचा अपमान. आहेर आणि मानपान कळणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पण एक फरक आहे आणि तो माझ्या दृष्टीने फार मोठा आहे. आपल्याकडे पाहुणा फोटो विकत घेत नाही. पैसे लग्नघर देते. म्हणजे कोणाचा फोटो निघावा हे फोटोत येणारा ठरवत नाही, बिल भरणारा ठरवतो.

दुसरा जॉन बर्जर. जर्मन फोटोग्राफर ऑगस्ट झांडरने १९१४ साली काढलेला तीन तरुण शेतकऱ्यांचा फोटो घेऊन त्याने त्यांच्या अंगावरच्या सुटांविषयी लिहिले आहे. शेतात राबलेल्या शरीरावर शहरी बैठ्या माणसासाठी बेतलेला सूट कसा विजोड दिसतो, हे तो इतके बारकाईने दाखवतो की तो निबंध वाचल्यावर मला आमच्याकडच्या नवरदेवांचे ब्लेझर निराळे दिसू लागले. खांदे उतरलेले, बाह्या बोटांवर आलेल्या, आणि त्या बाह्यांतून बाहेर आलेला उसाच्या पाल्याने चिरलेला पंजा. पण झांडरचा कोलोनमधला स्टुडिओ सुरुवातीला नीट चालत नव्हता म्हणून तो सायकलवरून वेस्टरवाल्डच्या खेड्यांत गिऱ्हाईक शोधत फिरे, हा तपशील मला सुटांइतकाच महत्त्वाचा वाटतो. ते शेतकरी त्याच्यासमोर उभे राहिले, कारण त्याला ऑर्डर हवी होती. नानाही सायकलवरूनच मसूर, चाफळ, तारळ्यापर्यंत जात.

तिसरा ख्रिस्तोफर पिनी. मध्य प्रदेशातल्या नागदा या गावातल्या स्टुडिओंवर त्याने ‘कॅमेरा इंडिका’ (१९९७) या पुस्तकात लिहिले. स्टुडिओ ही माणसाची नोंद करण्याची जागा नसून त्याला दुसरे कोणीतरी होऊन बघता येईल अशी जागा आहे, हे त्याचे प्रतिपादन मला पटते. रंगवलेल्या पडद्यापुढे टेलिफोन कानाला लावून उभ्या राहिलेल्या पोरांचे फोटो नानांकडेही आहेत. पुढे २०१३ साली त्याने नागद्याच्याच एका स्टुडिओवाल्यावर स्वतंत्र पुस्तक केले, म्हणजे फोटोग्राफरला लेखक मानण्याचे काम त्याने केले आहे, हे मान्य केले पाहिजे. तरी स्टुडिओतले स्वातंत्र्य मांडवात नसते. स्टुडिओत माणूस स्वतःचे पैसे देऊन येतो.

आता मांडवाकडे येतो.

नानांनी धंदा सुरू केला तो यशिकाच्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यावर. त्यात १२० नंबरचा रोल, चौकोनी बारा फोटोंचा. कमरेशी धरलेल्या कॅमेऱ्यात मान खाली घालून बघायचे, तेही डावे-उजवे उलटे. एका लग्नाला दोन रोल, मोठे घर असेल तर तीन. म्हणजे चोवीस किंवा छत्तीस क्षण. देवक, हळद, अंतरपाट, अक्षता, मंगळसूत्र, सप्तपदी, कन्यादान यांत निम्मे गेले. उरलेले मानाच्या माणसांचे. ती कोण हे फोटोग्राफरला माहीत नसते, म्हणून लग्नघर एक माणूस त्याच्यासोबत देते. बहुधा घरातला चुलता किंवा थोरला जावई. तो बोट दाखवील तिकडे कॅमेरा वळवायचा. अल्बमचा लेखक नाना असतील, तर हा बोट दाखवणारा त्याचा संपादक, आणि तो संपादक चित्रात क्वचितच असतो. पुढे ३५ मिलिमीटरचा कॅमेरा आणि रंगीत रोल आले. एका रोलात छत्तीस, हात बसलेला माणूस सुरुवातीची फिल्म वाचवून सदतीस, अडतीस काढी. क्षण वाढले, पण बोट दाखवणारा तोच राहिला.

मोजून काढायचे म्हटल्यावर न काढायचेही तंत्र तयार झाले. मांडवात सगळ्यांनाच फोटो हवा असतो. पोरे पुढे येतात, आचारी, वाजंत्री, गाडीवाला, सगळे “आमचाबी एक काढा की” म्हणतात. नाही म्हटले तर रुसवे, काढला तर रोल संपणार आणि पैसे कोणी देणार नाही. तेव्हा फ्लॅशगनच्या मागचे टेस्टचे बटण दाबायचे. लख्खकन उजेड पडतो, माणूस खूश होऊन जातो, आत फिल्मवर काहीच उमटत नाही. नाना याला रिकामा फ्लॅश म्हणतात. हे सांगताना ते हसले, मग गप्प झाले. म्हणाले, “पाप केलंय का, मला सांग. पण पोरांची फी त्याच रोलावर भरायची होती.”

मला वाटते, लग्नाच्या फोटोंवर लिहिणाऱ्या कोणीही रिकाम्या फ्लॅशचा विचार केल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपण जे फोटो उरले त्यांवरून समाजाविषयी निष्कर्ष काढतो. पण ज्या माणसांना आपला फोटो निघाला असे वाटले आणि तो निघालाच नाही, त्यांची गणती कुठल्या संग्रहालयात आहे? ती फक्त नानांच्या आठवणीत आहे, आणि नाना ऐंशीच्या घरात आहेत.

नानांच्या ऑर्डरींच्या वह्या या दृष्टीने अल्बमांपेक्षा बोलक्या आहेत. तारीख, गाव, पार्टीचे आडनाव, इसार, रोल किती, बाकी किती. पौषातली पाने कोरी असतात, कारण माणसांची लग्ने त्या महिन्यात होत नाहीत. देवाचे मात्र होते. जवळच पालला तारळी नदीकाठी खंडोबा-म्हाळसेचे लग्न पौषातच लागते, आणि त्या यात्रेत भंडारा उधळलेल्या माणसांचे फोटो काढून नाना तो महिना काढीत. बाकी वसूल न झाल्यामुळे न नेलेले अल्बम वेगळ्या कपाटात आहेत. त्यातल्या काही जोडप्यांची मुले आता नानांच्या मुलाकडे प्री-वेडिंगची चौकशी करायला येतात. लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर की कासच्या पठारावर, हा प्रश्न घेऊन. आई-बापांचा अल्बम मागच्या कपाटात आहे हे त्यांना ठाऊक नसते.

या सगळ्या वाचनात एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. मी पाहिलेल्या जुन्या अल्बमांत विधवा आई जवळजवळ नाही. वडील वारलेले असतील तर देवकाला आणि कन्यादानाला चुलता-चुलती बसतात, फोटो त्यांचा. आई स्वयंपाकाच्या बाजूला. तिचा फोटो शोधायचा तर त्याच स्टुडिओच्या दुसऱ्या पाकिटांत, पासपोर्टच्या निगेटिव्हमध्ये शोधावा लागतो. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, बँकेचे पासबुक. पुढे मतदार ओळखपत्र आले, तो फोटो गावच्या शाळेत निघाला. मुलाच्या लग्नात जिला कॅमेऱ्यासमोर जागा नव्हती, तिला एकटीला खुर्चीवर बसवून ‘सरळ बघा’ असे म्हणायला सरकारी कागद लागला. बुर्द्यूने लग्नाचा फोटो पाहिला, पिनीने स्टुडिओतला पाहिला. एकाच दुकानाच्या या दोन कप्प्यांत एकच बाई कशी वाटली गेली आहे, ते दोन्ही कप्पे एकदम उघडल्याखेरीज दिसत नाही.

हे मी तटस्थपणे लिहू शकत नाही. माझे लग्न १९९६ साली झाले, ऑर्डर नानांचीच. वडील मी लहान असतानाच गेले होते. आमच्या अल्बमात चाळीस फोटो आहेत आणि त्यांत आई नाही. चाळीस कोणते ठेवायचे हे मी आणि बायकोने मिळून, याच दुकानात, हसत-खिदळत ठरवले होते. आई नाही हे तेव्हा आम्हाला जाणवलेही नाही. तिनेही कधी बोलून दाखवले नाही. घरी पाहुणे आले की अल्बम तीच कपाटातून काढून द्यायची.

ती गेल्या वर्षी गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून मी शोधू लागलो. अर्जासाठी काढलेला पासपोर्ट फोटो होता, पण तो मोठा केला की डोळ्यांतली भीती मोठी होत होती. तेव्हा नानांच्या मुलाने आमच्या लग्नाचे पाकीट काढले आणि निगेटिव्ह स्कॅन केल्या. आमच्या घरात लग्नाचा एक समूह-फोटो फ्रेम करून लावलेला आहे, १०×१२ इंचाचा. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हची लांबी उंचीच्या दीडपट असते. ती १०×१२च्या कागदावर बसवायची तर चित्राचा पाचवा हिस्सा दोन्ही कडांनी कापावा लागतो. त्या कापलेल्या पाचव्या हिश्शात, उजव्या कडेला, मांडवाच्या खांबाशी आई उभी होती. डोक्यावर पदर, हातात तांब्या, बघते आहे आमच्याकडे. सव्वीस-सत्तावीस वर्षे तो फोटो आमच्या भिंतीवर होता आणि ती चौकटीच्या जेमतेम बाहेर होती.

मी नानांना विचारले, “मुद्दाम घेतलं होतं का तिला?”

“खोटं कशाला बोलू? खांब घेतला होता. ती खांबापाशी होती.” मग थोड्या वेळाने, “तुझ्या आईनं रिकामा फ्लॅशसुद्धा कधी मागितला न्हाई.”

आता रोल नाही. मेमरी कार्डावर एका लग्नाचे हजारो फोटो येतात, आणि त्यांत आई, आजी, आचारी, वाजंत्री सगळे असतात. रिकाम्या फ्लॅशची गरज उरली नाही. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांवरच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर गावांना त्याचे अनुकरण करायला सांगितले. बदल होतो आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण धंद्याची मर्यादा नाहीशी झालेली नाही, ती पुढे सरकली आहे. पूर्वी निवड मांडवात व्हायची, आता कॉम्प्युटरपुढे होते. करिझ्मा अल्बमची पाने ठरलेली, पानागणिक पैसे ठरलेले. घरची मंडळी येऊन ‘सिलेक्शन’ नावाच्या फोल्डरमध्ये फोटो टाकतात. बाकीचे हार्ड डिस्कवर राहतात आणि पुढच्या सराईला जागा हवी म्हणून पुसले जातात. निगेटिव्ह पुसत नाहीत, पाकिटात पडून राहतात. माझी आई सापडली ती या फरकामुळे. २०१९च्या पुरानंतर सांगलीकडच्या आमच्या पाहुण्यांचे अल्बम चिकटून लगदा झाले, तेव्हाही उंब्रजच्या माळ्यावरची पाकिटे शाबूत होती.

फोटो मोठा करताना नानांच्या मुलाने स्क्रीनवर आईचा चेहरा साफ केला आणि विचारले, “काका, कुंकू लावायचं का? हल्ली बरेच जण लावून घेतात.”

घरी यावरून दोन दिवस बोलाचाली झाली. बहीण म्हणाली लावा, जिवंतपणी नाही तर आता तरी. चुलते म्हणाले, तिने स्वतः कधी लावले नाही, तुम्ही कोण लावणार? मला दोघांचेही पटत होते. नाना तेवढे म्हणाले, “लाव म्हणशील तर पोरगं लावील. चांगलंच दिसंल. पण मग ती खांबापाशी का उभी होती, हे तुझ्या नातवाला कळायचं न्हाई.”

कुंकू लावले नाही. एकटा चेहराही कापून घेतला नाही. आख्खी निगेटिव्ह, कडेच्या खांबासकट, १०×१५वर छापून घेतली आणि जुन्या १०×१२च्या जागी लावली. त्या मापाची तयार फ्रेम उंब्रजला मिळाली नाही, कराडहून करून आणावी लागली.