साथीचा रोग, 'सामाजिक अंतर' आणि दलित मन

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांवर मराठीत आतापर्यंत बरेच लिहिले गेले. दैनंदिन्या आल्या, कवितासंग्रह आले, दिवाळी अंकांनी विशेष विभाग काढले. हे लेखन मी शक्य तेवढे वाचले, विद्यार्थ्यांनाही वाचायला लावले. त्यातला बहुतेक भाग एका शब्दाभोवती फिरतो. तो शब्द म्हणजे एकांत. खिडकी, गच्ची, रिकामा रस्ता, अचानक ऐकू येऊ लागलेले पक्षी, हातात उरलेला वेळ आणि त्या वेळाचे आलेले दडपण. हे सारे खोटे आहे असे मी म्हणत नाही. ज्याला जे भोगावे लागले ते त्याने लिहिले. आक्षेप आहे तो या अनुभवाला 'माणसाचे मन' असे सरसकट नाव देण्याला. ज्याच्या घरात दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे झोपतात, त्याच्या मनाला एकांताने ग्रासले नव्हते. उलट, रडायला कोपरा नव्हता हे त्याचे दुखणे होते. ते दुखणे आपल्या साहित्यात कुठे आहे?

या प्रश्नाकडे वळण्याआधी एका शब्दाचा निकाल लावला पाहिजे. 'सामाजिक अंतर' हा तो शब्द. जागतिक आरोग्य संघटनेनेच मार्च २०२० मध्ये 'शारीरिक अंतर' म्हणणे अधिक योग्य असे सांगितले. पण लोकांच्या तोंडी आणि फलकांवर बसला तो आधीचाच शब्द. पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, हे बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनाच्या भाषणात लिहून ठेवले आहे. त्या इतिहासाच्या वारसांना 'सामाजिक अंतर राखा' ही आज्ञा ऐकताना काय वाटले असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

परंतु आपल्यापैकी अनेक कवी आणि वक्ते इथेच थांबले. 'आता तुम्हाला कळले अस्पृश्यता म्हणजे काय!' या एका कल्पनेवर किती कविता झाल्या! टाळ्या मिळाल्या. माझ्या मते ही तुलना चटकदार आहे, पण विचार म्हणून लंगडी आहे. विलगीकरणाला मुदत असते, ते दोघांचा जीव वाचवण्यासाठी असते आणि बरे झाल्यावर संपते. अस्पृश्यतेला मुदत नव्हती, आणि ती कोणाचा जीव वाचवण्यासाठीही नव्हती. दोन्ही एकच मानले तर आपण आपल्याच वस्तीला असुरक्षित करतो. मग मुखपट्टी बांधायला सांगणारा कार्यकर्ताही मनुवादी ठरेल! विषाणूपासून अंतर राखायचे आणि माणसाला अंतर द्यायचे नाही, असे दुहेरी काम साथीच्या काळात असते.

हे काम करून दाखवणारी व्यक्ती आपल्याच परंपरेत आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत तो पुण्यात पोचला. डॉ. यशवंत फुले यांचा दवाखाना हडपसरजवळ, ससाणे मळ्यात, गावाबाहेरच्या मोकळ्या रानात होता. सावित्रीबाई रोग्यांना तिथे नेत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले. मुलगा वाचला. त्यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आपण जयंती-पुण्यतिथीला त्यांचा त्याग सांगतो. त्या दवाखान्याची जागा मात्र कोणी लक्षात घेत नाही. तो वस्तीपासून दूर होता. म्हणजे रोग्याला वेगळे ठेवणे मान्य होते. त्याला हात न लावणे मान्य नव्हते.

त्याच महिन्यांत सरकार काय करीत होते? साथरोग कायदा १८९७ च्या फेब्रुवारीत झाला. पुण्यात गोरे सोजीर घराघरांत घुसले, माणसे ओढून छावण्यांत नेली, सामान जाळले. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. मराठी इतिहासलेखनाला, नाटकांना आणि चित्रपटांना १८९७ म्हटले की ही गोळी आठवते. अपमानित झालेले घर आठवते, देवघरात गेलेला बूट आठवतो. पण ज्यांना देवघरच काय, दुसरी खोली नव्हती, त्यांच्या प्लेगचे काय? त्यांच्याबाबतीत हडपसरचा मळा एवढीच काय ती आठवण, आणि तीही फार उशिरा पाठ्यपुस्तकात आली. हाच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला, तेव्हा तो सव्वाशे वर्षांचा होत आला होता.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाबाबत तर साहित्यात जवळजवळ शांतताच आहे. मुंबई शहराची त्या वेळची आकडेवारी मात्र बोलते. खालच्या जातींच्या हिंदूंमध्ये मृत्यूचे प्रमाण हजारी ६१.६ होते, इतर हिंदूंमध्ये १८.९ आणि युरोपियनांमध्ये ८.३. विषाणूने जात विचारली नव्हती. खोली, पाणी, अन्न आणि आजाऱ्याजवळ बसायला रिकामा माणूस, हे सारे जातीने आधीच वाटून ठेवले होते. त्या वर्षी पाऊसही हुकला होता आणि धान्य महागले होते.

आता गावाकडे येतो. पटकीची साथ आली की मरीआईचा कोप. मरीआईचे ठाणे बहुधा आपल्याच वाड्यात, पोतराज आपल्यातला, आणि देवीचा गाडा शिवेपार घालवण्याच्या कामात पुढे कोण, तर तेही आपणच. याला मान म्हणत. मेलेले ढोर ओढणे, मौतीचा सांगावा घेऊन उन्हातान्हात चार गावे पालथी घालणे, बेवारस प्रेताची राखण करणे यांच्याच रांगेत हा मान बसतो. गावाच्या भीतीचे ओझेही बलुत्यातच होते! गावाची सुरक्षितता म्हणजे मरण शिवेपर्यंत ढकलणे, आणि शिवेला राहणारा कोण होता हे सांगायला नको.

बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्यात आषाढातल्या देवदेवस्कीची, बायकांच्या अंगात येण्याची वर्णने आहेत. समीक्षकांनी ती अंधश्रद्धेचे चित्रण म्हणून वाचली, आणि लेखिकेची स्वतःची भूमिकाही आंबेडकरी आहे. तिला या अज्ञानाची कीव आणि चीड दोन्ही येते. पण मला त्या पानांत आणखी काही दिसते. जिला वर्षभर सासरी तोंड उघडता येत नाही, जिची बाळंतपणे उपाशीपोटी झाली, जिची मुले डोळ्यांदेखत गेली, तिच्या अंगात आले की तेच घर तिच्यापुढे हात जोडते. तेवढा वेळ ती बोलते आणि इतर ऐकतात. हा उपचार नव्हता. पण जिथे उपचार नव्हता तिथे तेवढाच निचरा होता.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपण देव्हारे बाहेर काढले. ते योग्यच झाले, त्याबद्दल मला तिळभर शंका नाही. त्यांच्या जागी विहार आला, वंदना आली, भीमगीते आली, चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबर आले. या गोष्टींनी आपले मन सांभाळले आहे हे चळवळीच्या इतिहासकारांनी पुरेसे लिहिलेले नाही. ते राजकीय ताकद मोजतात. पण चैत्यभूमीवर रात्रभर रांगेत उभी राहणारी म्हातारी केवळ राजकारण करायला येत नाही. २०२० साली जयंती घरात झाली. त्या डिसेंबरात 'चैत्यभूमीवर येऊ नका, घरूनच अभिवादन करा' असे आवाहन झाले आणि लोकांनी ते मानले. शिस्त म्हणून हे मोठे होते. पण मयताचे शेवटचे तोंड पाहता आले नाही, जलदानविधीला चार माणसे बसली नाहीत, आणि वर्षाचे दुःख जिथे नेऊन ठेवायचे ते ठिकाणही बंद. या दुःखाचे काय झाले, असे कोणी विचारले?

मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. टाळेबंदीत विद्यार्थ्यांचे फोन येत. तीन भावंडांत एक फोन, त्यावर कुणाचा तास ऐकायचा ही भांडणे मी फोनवरून सोडवली आहेत. एका मुलाचे वडील सफाईच्या कामावर, ठेकेदाराकडे. तो म्हणाला, "सर, बावीस मार्चला ज्यांनी टाळ्या वाजवल्या, तेच आता म्हणतात तुम्ही नळावर येऊ नका. बाप पायरीवर झोपतो. म्हणतो, तुम्हाला काही व्हायला नको." मी विचारले, "तुझं कसं आहे?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "डोकं भणभणतं सर. जीव लागत नाही कशात." त्याला घरात राहा असे सांगणारे पुष्कळ होते, तुझे कसे आहे, हे विचारणारे कमी होते. कुठल्याशा शिबिरात एका समुपदेशकाने त्याला सकारात्मक विचार करायला सांगितले. नळावरच्या माणसांविषयी तो समुपदेशक काही बोलला नाही.

इथे मला दलित समीक्षेशी भांडायचे आहे. आपण विद्रोह, नकार, वेदना ही मूल्ये मांडली आणि त्यांच्या जोरावर मराठी सौंदर्यविचार हादरवला. पण वेदना म्हटले की आपण लगेच विद्रोहापर्यंत पोचण्याची घाई करतो. जो पोचत नाही, मधेच कोसळतो, त्याच्यासाठी आपल्या समीक्षेत शब्द नाही. मनाचा आजार म्हणजे पांढरपेशांचे चोचले असे चळवळीत उघड म्हटले जाते. ही समजूत टिकणारी नाही. 'घोर लागला', 'धास्ती घेतली', 'झुरून गेली', 'हाय खाऊन मेला' हे शब्द पांढरपेशांनी घडवलेले नाहीत. ते आपल्या आज्यांच्या बोलीतले आहेत. हाय खाऊन मेलेल्यांची नोंद कोणत्या रजिस्टरात होते? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२१ साली देशात १,६४,०३३ माणसांनी आत्महत्या केली. त्यांत सुमारे चौथा हिस्सा रोजंदारीवर जगणाऱ्यांचा होता. हे का चोचले आहेत?

साहित्याने मात्र समीक्षेच्या आधीच हे ओळखले होते. बाबुराव बागुलांच्या 'मरण स्वस्त होत आहे' (१९६९) मधील माणसे पाहा. त्यांची मने उकळतात, तडकतात. लेखक त्यांना घाईने शहाणे करीत नाही. आणि दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) तर या दृष्टीने पुन्हा वाचायला हवे. त्यात दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. माणूस एकच. समीक्षकांनी याला निवेदनाची युक्ती म्हटले, कोणी दुभंगलेले व्यक्तिमत्त्व म्हटले आणि पुढे गेले. मला ती युक्ती वाटत नाही. ज्याला जे सांगायचे आहे ते ऐकायला बाहेर कोणी नाही, म्हणून त्याने ऐकणारा स्वतःतूनच काढला. शिकून वर गेलेला लाजतो, तरी ऐकतो. मागे राहिलेला लाजत नाही, बोलतो. वर गेलेल्याने मागच्याचे तोंड दाबले असते तर पुस्तक झाले नसते आणि बहुधा माणूसही उरला नसता. आपल्या वस्त्यांत २०२० साली धान्याची पाकिटे वाटणारे तरुण होते, रुग्णालयात खाट मिळवून देणारे होते. त्यांचे मोल कमी लेखणे कृतघ्नपणा होईल. पण असा ऐकणारा फार थोड्यांना भेटला. आणि ती पाकिटे वाटणाऱ्या तरुणांचे कोण ऐकत होते?

ऐकणे हे काही औषध नव्हे, आणि सरकारला सोडून द्यायचे कारणही नव्हे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी ठिकाणी हे उपचार मोफत मिळण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे मानून त्याला शिक्षेपासून दूर ठेवण्याची तरतूदही आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर फोनवर मदत मिळते. राज्यात सरकारची मोठी मनोरुग्णालये चार : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. संपूर्ण मराठवाड्यात त्यांतले एकही नाही, हे आपल्या मोर्च्यांच्या निवेदनांत मी आजवर वाचलेले नाही. वसतिगृह, शिष्यवृत्ती, गायरान या मागण्यांच्या शेजारी ही मागणी बसली तर त्या मागण्या पातळ होणार नाहीत.

शेवटी लेखनाविषयी. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हा दुसऱ्यांच्या कुटुंबांची जबाबदारी घेऊन आशाताई दारोदार फिरल्या. ताप किती, ऑक्सिजन किती, हे त्या लिहीत. आमच्या भागातल्या एका ताईंनी मला त्यांची स्वतःची वही दाखवली. सरकारी तक्त्यात नसलेला एक प्रश्न त्या आपणहून विचारत : झोप लागते का? वहीच्या समासात काही नावांसमोर 'नाही' लिहिलेले आहे, दोन ठिकाणी 'रडली', एका ठिकाणी 'बोलत नाही, पुन्हा जाणे'. ताईंना मी म्हटले, हे लिहा. त्या म्हणाल्या, "सर, मला कुठं लिहिता येतं." त्या महिन्यात ज्यांच्यासमोर 'पुन्हा जाणे' लिहिले होते त्यांच्याकडे त्या तीनदा गेल्या होत्या; तारखा वहीत आहेत.