दोन दिवसांचे घर

माझा एक जुना विद्यार्थी सध्या वास्तुकला शिकतो. मध्यंतरी त्याने जंगलातल्या छोट्या घरांच्या छायाचित्रांचे एक जाडजूड पुस्तक मला आणून दिले आणि म्हणाला, "सर, कवितेवर लिहिता तसे यावर लिहा." मी मराठी शिकवणारा माणूस. बांधकामातले मला कळते ते बिगारीकाम करणाऱ्या बापाच्या पोराला कळते तेवढेच. तरीही लिहितो आहे. घर हा विषय आमच्या साहित्यात गावकुसाबाहेरून आला, आणि या पुस्तकातली घरेही गावाबाहेरचीच आहेत. फरक एवढाच की, ही माणसे तिथे आपण होऊन गेली.

त्यातले एक घर मनात रुतून बसले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, मझामा गावाजवळ, मेथाव नदीच्या खोऱ्यात ते २००५ साली उभे राहिले. वास्तुकार टॉम कुंडिग. तळ वीस फूट बाय वीस फूट, आणि सारे मजले मिळून सुमारे हजार चौरस फूट. जमीन पुराच्या पाण्यात येणारी, म्हणून घर चार पोलादी खांबांवर उचललेले. बाहेरून उघडे पोलादी पत्रे. वरच्या मजल्यावर स्वयंपाक आणि बैठक, भोवती झाडे आणि डोंगर. खिडक्यांवर दहा बाय अठरा फुटांची चार पोलादी झापे आहेत. आत एक चाक आहे. ते हाताने फिरवले की चारही झापे एकदम सरकतात. मालक शहरात परतताना घराची पेटी करून जातो.

हे घर मला आवडले, हे आधी कबूल करतो. ते चाक तर फारच आवडले. विजेवाचून, माणसाच्या दंडाच्या जोरावर एवढे वजन हलावे यात एक प्रामाणिकपणा आहे. शोभेसाठी म्हणून केलेले या घरात काही दिसत नाही. अशा खोलीत बसून लिहायला मिळाले असते तर, असेही मनात येऊन गेले. अभिजनांचे सौंदर्य म्हणून ते झटकून टाकणे सोपे होते. ते खोटे ठरले असते.

पुस्तक घरी उघडे पडले होते. मायने चित्र पाहिले.

"हे गोदाम हाय का रं?"

म्हटले, घर आहे. शनिवार-रविवार येऊन राहतात.

"मंग बाकीच्या दिवसाला राखन कोन करतं?"

कुणीच नाही, ते आपले आपण बंद होते, हे सांगितले तेव्हा तिने पुस्तक मिटून ठेवले. एवढ्या चांगल्या घराला माणूस नाही, याचे तिला वाईट वाटले असावे. अशा घरांची स्तुती करताना नम्रता हा शब्द हमखास येतो. मायच्या प्रश्नानंतर तो शब्द मला पूर्वीसारखा वाचता येईना. सात माणसांच्या एका खणात वाढलेल्याला लहान घर नम्र वाटत नाही; लहान वाटते.

शनिवार-रविवार ही काही निसर्गदत्त गोष्ट नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून झगडल्यावर. अमेरिकेत आठवड्याच्या कामाच्या तासांना देशभर मर्यादा घालणारा कायदा १९३८ साली आला आणि त्यातून शेतमजूर व घरकामगार वगळले गेले. दक्षिणेतले बहुसंख्य काळे लोक याच दोन कामांत होते. तेव्हा वीकएंडचे घर म्हटले की, आधी वीकएंड कुणाचा, हे विचारावेच लागते.

या साऱ्या घरांचा पूर्वज म्हणजे वॉल्डन तळ्याकाठची थोरोची खोली. ती वीकएंडची नव्हती. थोरो तिथे ४ जुलै १८४५ ला राहायला गेला आणि दोन वर्षे, दोन महिने राहिला. दहा बाय पंधरा फूट, खर्च अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट. हा आकडा साधेपणाचा दाखला म्हणून जगभर सांगितला जातो. फळ्या कुठून आल्या, हे मात्र फारसे सांगत नाहीत. रेल्वेमार्गावर राबणाऱ्या जेम्स कॉलिन्स या आयरिश मजुराचे खोपटे थोरोने सव्वाचार डॉलरला विकत घेतले. ठरले असे की, कॉलिन्सने दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला घर सोडायचे आणि सहाला थोरोने ताबा घ्यायचा. सहाला तो निघाला तेव्हा ते कुटुंब त्याला रस्त्यात भेटले. सगळा संसार एका गाठोड्यात. मांजर तेवढे मागे राहिले, रानात गेले आणि पुढे एका सापळ्यात सापडून मेले. थोरोने खोपट्याचे खिळे उपसले, फळ्या तळ्याकाठी नेल्या आणि उन्हात पसरून शुभ्र करून घेतल्या.

हे सगळे थोरोनेच लिहून ठेवले आहे, म्हणून तो मला त्याच्या वारसदारांपेक्षा मोठा वाटतो. हिशेब मांडताना तो हेही नोंदवतो की, धुणे आणि कपड्यांची डागडुजी बहुतेक घराबाहेर होई आणि त्याची बिले अजून आलेली नाहीत. जमीन आपली नव्हती, हेही तो दडवत नाही. त्या रानात आपल्याआधी कोण राहिले यावर तर त्याने एक प्रकरणच लिहिले. गुलाम म्हणून आलेला केटो इन्ग्रॅम, सूत कातणारी झिल्फा, ब्रिस्टर फ्रीमन. झिल्फाचे घर १८१२ च्या युद्धात इंग्रज सैनिकांनी, म्हणजे तारणावर सुटलेल्या कैद्यांनी, जाळले. गावाने या माणसांना जिथे राहू दिले ती नापीक कड म्हणजे हे पवित्र रान. आम्हाला ही जागा ओळखायला नकाशा लागत नाही.

ल कोर्बुझिएने १९५२ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी अशीच एक लाकडी खोली बांधली. ३.६६ मीटर बाय ३.६६ मीटर. २०१६ साली ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. तिला स्वयंपाकघर नाही, कारण शेजारच्या खाणावळीत उघडणारे दार आहे. त्याच २०१६ साली आपल्याकडच्या ग्रामीण आवास योजनेने घरकुलाचे किमान क्षेत्र पंचवीस चौरस मीटर ठरवले, स्वयंपाकाच्या जागेसह. म्हणजे आमचे घरकुल त्या वारशाच्या जवळजवळ दुप्पट. पण घरकुलाला शेजारी खाणावळ नसते.

आता पुन्हा मझामा. ते खोरे मेथाव लोकांचे. १८७९ साली ते राखीव प्रदेशात आले, १८८४ साली तो प्रदेशच मोडीत निघाला आणि खोरे गोऱ्या वसाहतवाल्यांना मोकळे झाले. मेथाव आज कोलव्हिल राखीव क्षेत्रातल्या बारा जमातींपैकी एक आहेत. २०२२ साली त्याच खोऱ्यातली ३२८ एकर जमीन त्यांना परत मिळाली. हे त्या घराच्या छायाचित्रात येणार नाही हे कळते. पोलाद सुंदर गंजते एवढेच छायाचित्राला सांगता येते. पण थोरोला जे एका प्रकरणात जमले त्यासाठी या पुस्तकाने चारशे पानांत चार ओळीही राखू नयेत, हा त्याचा दोष मी वाङ्मयीन दोष मानतो. निवेदकाने आपली जागा लपवली की कथा खोटी होते, हे मी वर्गात शिकवतो.

आणि माझी जागा? मराठवाड्यातून नोकरीसाठी मी कोकणात आलो. आमच्या स्टाफरूममध्ये गेल्या वर्षी चौघांनी मिळून डोंगरालगत बिगरशेती झालेला तुकडा घेण्याची टूम निघाली. मी हो म्हणालो. आमच्या घराण्यात हौसेसाठी जमीन घेणारा मी पहिला, याचा आनंदही झाला. जागा बघायला गेलो तेव्हा कडेला कुडाचे एक खोपटे होते, दाराला तार गुंडाळलेली, आत तीन दगडांची चूल. दलालाला विचारले. तो म्हणाला, कातकरी आहेत, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, पावसाळ्याला येतात. सातबाऱ्यावर त्यांचे काही नाही. "ते काय सर, कुठंही राहतात."

तेही घर बंदच होते. वर्षातले सात-आठ महिने.

विसार देऊन झाला आहे. खरेदीखत व्हायचे आहे. पावसाळा दीड महिन्यावर आला, आणि त्या चार जणांना मी अजून काही बोललेलो नाही.