अट कुणाची, शिक्षा कुणाला? पंधराव्या वित्त आयोगाच्या अटी वाचताना

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एक तक्ता केला होता. डावीकडे जिल्हा परिषदांची नावं, उजवीकडे एकच रकाना: केंद्राच्या अनुदानाला पात्र असेल तर १, नसेल तर ०. रकान्याला नाव दिलं होतं 'प्रशासकीय क्षमता'. मॅडमनी तो बघितला आणि एवढंच विचारलं, "हे शून्य जिल्हा परिषदेच्या चुकीमुळे आलंय, हे तुला कुणी सांगितलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांकडून हीच चूक होऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी मूळ गोष्ट. एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांना ४,३६,३६१ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यातले २,३६,८०५ कोटी ग्रामीण संस्थांचे. रक्कम मोठी, आणि अटीही बऱ्याच. ग्रामीण संस्थांपुरतं बघू.

पहिली अट हिशेबाची. मागच्या वर्षाचे तात्पुरते आणि त्याच्या आधीच्या वर्षाचे लेखापरीक्षण झालेले हिशेब ऑनलाइन, सगळ्यांना बघता येतील असे हवेत. दुसरी खर्चाची. ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे निम्मी स्वच्छतेसाठी आणि निम्मी पाण्यासाठी. उरलेली ४० टक्के अबंधित, पण त्यातून पगार आणि आस्थापना खर्च करायचा नाही. तिसरी राज्याची. राज्य वित्त आयोग नेमायचा, त्याच्या शिफारशींवर कार्यवाही करायची आणि तसा अहवाल विधिमंडळात मांडायचा. ज्या राज्याने हे केलं नाही, त्याला मार्च २०२४ नंतर अनुदान नाही. शिवाय पैसा मिळणार तो रीतसर निवडून आलेल्या संस्थांनाच.

वाचताना सगळ्या अटी एकसारख्या वाटतात. माझा आक्षेप नेमका इथेच आहे. हिशेब ठेवणं ग्रामपंचायतीच्या हातात आहे, निदान काही प्रमाणात तरी. राज्य वित्त आयोग नेमणं तिच्या हातात अजिबात नाही. संविधानाच्या २४३-झ या अनुच्छेदाने ते काम राज्यपालांवर, म्हणजे व्यवहारात राज्य सरकारवर सोपवलंय. निवडणूक घेणंही जिल्हा परिषदेच्या हातात नाही. पण अट मोडली की पैसा थांबतो तो खालच्या संस्थेचा.

महाराष्ट्रात हे प्रत्यक्ष घडलं. २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता. निवडणुका लांबल्या, प्रशासक बसले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं, तेव्हा कुठे गाडी हलली. दरम्यान २०२४-२५ च्या अबंधित अनुदानाचा दुसरा हप्ता आला, तेव्हा राज्यातल्या ३४ पैकी फक्त ४ जिल्हा परिषदा आणि ३५१ पैकी ४० पंचायत समित्या पात्र होत्या. आता माझ्या तक्त्यात काय झालं बघा. ३० जिल्हा परिषदांपुढे ०, म्हणजे ३० 'अकार्यक्षम' जिल्हा परिषदा! खरं तर त्या शून्याचा त्यांच्या कामकाजाशी काही संबंधच नव्हता.

बरं, १ तरी विश्वासाचा आहे का? तोही नाही. पहिली दोन वर्षं राज्यातल्या किमान २५ टक्के संस्थांचे हिशेब ऑनलाइन असले की राज्याला पूर्ण अनुदान मिळणार होतं. म्हणजे हिशेब न लावलेली ग्रामपंचायतही शेजारच्या गावाच्या जिवावर पास. २०२३-२४ पासून मात्र ज्या संस्थेचे हिशेब, तिलाच पैसा. अट बदलली की आकड्याचा अर्थ बदलतो. दोन्ही काळ एका रकान्यात टाकले तर दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज होते.

आयोगाच्या बाजूनेही बोलायला हवं. अटीच नसत्या तर हजारो ग्रामपंचायतींचे हिशेब आज घरबसल्या वाचता आले नसते. आणि एक अट मला खरोखर पटते. केंद्राकडून आलेला पैसा राज्याने १० कामकाजाच्या दिवसांत पुढे पाठवायचा, उशीर झाला तर व्याजासकट. इथे चूक राज्याची आणि भुर्दंडही राज्यालाच. म्हणजे असं करता येतं, आयोगाला ते माहीतही होतं. मग निवडणुकीच्या अटीत हाच न्याय का नाही? माझ्या मते ही या रचनेतली सगळ्यात मोठी त्रुटी आहे. निवडणूक लांबली की आधी लोकांचा प्रतिनिधी जातो, मग त्यांचा पैसाही.

माझ्या नव्या तक्त्यात आता प्रत्येक अटीपुढे तीन रकाने आहेत. ही अट पूर्ण करणं कुणाच्या हातात आहे? तिचा पुरावा कोण तयार करतं? ती मोडली तर कुणाचा पैसा थांबतो? पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यात वेगवेगळी नावं आली, तर ती माहिती 'क्षमता' मोजायला वापरू नका. 'प्रशासकीय क्षमता' हे नाव मी खोडलंय. त्या जागी सध्या 'हप्ता मिळाला / नाही' एवढंच लिहिलंय. दिसायला साधं आहे, पण व्हायव्हात त्याचा बचाव करता येईल.