बिडाचा बेड, पोलादाचं पातं

लाकूडकामाचं यंत्र रंगावरून पारखू नये. लातूरकडच्या सुताराला हे सांगावं लागत नाही. तिफणीसाठी, बैलगाडीसाठी ज्याने चिवट बाभूळ तासली, त्याला हत्याराचा जीव हातानेच कळतो. तरीही रंधा मशीन जुनं घ्यावं की कोरं, असा प्रश्न पडला की बोलणं आधी किमतीवर जातं. मी आधी बेडकडे, म्हणजे लाकूड ज्यावरून सरकतं त्या टेबलाकडे जातो.

जुना बेड ओतीव बिडाचा. बिडात ग्राफाइटच्या बारीक पाकळ्या विखुरलेल्या असतात. पात्यांच्या ठोक्यांची थरथर त्या आतल्या आत जिरवतात. त्याहून देखणी गोष्ट त्याच्या वयाची. ओतकाम निवताना जाड फासळ्या आणि पातळ कडा एका वेगाने निवत नाहीत, म्हणून आत ताण कोंडून राहतो. तो न घालवता घाईने तासलेला कोरा बेड कारखान्यात येऊन बसल्यावरही मुरडू शकतो. तीस-चाळीस वर्षं राबलेल्या बेडचं मुरडणं केव्हाच होऊन गेलेलं असतं. त्यावर सरळपट्टी कर्णरेषेत टेकवावी आणि खाली फीलर गेज सरकवून पाहावं. खळगा बहुधा फेन्सलगतच्या, म्हणजे लाकूड टेकवायच्या उभ्या पट्टीलगतच्या पट्ट्यात सापडतो, कारण अरुंद नग वर्षानुवर्षं तिथूनच ढकललेले असतात. सगळ्यात चकचकीत दिसणारा भाग हाच सगळ्यात झिजलेला! ग्राइंडिंग करून तो पुन्हा सपाट होतो, आणि खाली बीड जाड असेल तर बेड आणखी एक पिढी सहज पाहतो.

फासळ्यांवरचा रंग मात्र नखाने खरवडावा. खाली पिवळसर पितळी रेघ दिसली, तर तिथे तडा गेला होता आणि कुणीतरी तो सांधला आहे.

बेअरिंगची भीती नको. पट्टा काढून ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरता दांडा, हाताने फिरवला की खरखर बोटांना लागते. बेअरिंगवर 6205 असा आकडा असेल, तर शेवटच्या 05 ला पाचाने गुणावं: आतला व्यास 25 मिलिमीटर. त्या आकड्याचं बेअरिंग लातुरात घ्या नाहीतर नांदेडात, माप तेच. मापांची ही शिस्त मला फार आवडते.

ब्लॉक चौकोनी असेल तर बेड कितीही सुरेख असो, तो ब्लॉक काढायचाच. चौकोनी ब्लॉक आणि बेडच्या ओठामधल्या फटीत बोट आत ओढलं जातं. ब्रिटनने हाताने लाकूड सरकवायच्या रंध्यांना 1922 च्या नियमांत गोल ब्लॉक सक्तीचा केला, तो याचसाठी. इथे कोऱ्याला पर्याय नाही. पाती, गार्ड, मोटर आणि स्टार्टरही कोरेच घ्यावेत.

पात्यांचं काम किनवटच्या सागवानावर वाचता येतं. थिकनेस प्लेनरचा, म्हणजे फळीची जाडी एकसारखी करणाऱ्या रंध्याचा ब्लॉक मिनिटाला 4500 फेरे घेतो, त्यावर दोन पाती आहेत आणि लाकूड मिनिटाला 6 मीटर सरकतं, असं धरू. म्हणजे मिनिटाला 9000 काप, दर 0.67 मिलिमीटरला एक. तिरप्या उजेडात त्या लाटा दिसतात. तीन पात्यांच्या ब्लॉकवर हे अंतर 0.44 वर येतं आणि सागाची रेघ उठून दिसते. अट एकच, तिन्ही पाती एका पातळीत हवीत. नाहीतर उंच पातं एकटंच कापतं आणि बाकीची दोन नुसती फिरतात. माळवदी घरांच्या जुन्या तुळया रंधायच्या असतील तर आधी लोहचुंबक फिरवून आतले खिळे शोधावेत, कारण एका खिळ्याने पात्याला खाच पडली की प्रत्येक फळीवर तिची उभी रेघ उमटते. जुन्या बिडावर असा तीन पात्यांचा कोरा गोल ब्लॉक बसवायला मी आनंदाने पैसे मोजेन.