खेळाडूचें मोल आणि लिलावाची बोली

भाताची कापणी आटोपली कीं शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यांत कबड्डीचीं मैदानें आंखलीं जातात. शेणव्यासारख्या गांवीं संघनायकास सात गडी निवडावयाचे असतात, विकत घ्यावयाचे नसतात. डाव्या कोपऱ्यावर कोण उभा राहील आणि शेजारच्या गड्याशीं त्याचें जमेल कीं नाहीं, हा विचार तो आधीं करतो. २०१४ सालीं प्रो कबड्डी लीग निघाली आणि या खेळांत लिलाव आला. तेव्हांपासून हा साधा विचार, निदान मोठ्या संघांच्या व्यवहारांत तरी, मागें पडत चालला आहे असें आमचें मत आहे.

बोलींचे आंकडे फार झपाट्यानें वाढले. २०१४ च्या लिलावांत सर्वांत मोठी बोली राकेशकुमारवर झाली, ती १२ लाख ८० हजारांची. २०२३ त पवन सेहरावत याच्यासाठीं तेलुगू टायटन्सनें २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. मातीवर वाढलेल्या मुलांच्या घरीं पैसा येत असेल तर त्याबद्दल तक्रार करणें कद्रूपणाचें होईल. तक्रार आहे ती मोलाच्या मापाविषयीं.

चढाई एकट्याची असते. ती साऱ्या प्रेक्षकांस दिसते व तिचे गुण एकाच्याच खात्यावर पडतात. पकडीचें तसें नाहीं. एकजण घोटा धरतो, दुसरा मध्यरेषेची वाट अडवितो, तिसरा धक्का देतो. पण गुण लिहिला जातो एकाच्या नांवें. मोजणीच अशी एका बाजूस झुकलेली असतां बोलीही तिकडेच झुकावी यांत नवल नाहीं.

चंदगड तालुक्यांतील सिद्धार्थ देसाई याचें उदाहरण या दृष्टीनें बोलकें आहे. २०१८ च्या हंगामासाठीं यू मुंबानें त्यास ३६ लाख ४० हजारांस घेतलें आणि त्यानें चढाईचे दोनशेंहून अधिक गुण मिळविले. पुढील वर्षीं तेलुगू टायटन्सनें त्याच्यासाठीं १ कोटी ४५ लाख दिले. गडी खोटा निघाला नाहीं. तेथेंही त्यानें दोनशेंचा आंकडा ओलांडला. तरी तेलुगू संघ बारा संघांत अकरावा आला, आणि ज्या मुंबईकरांनीं त्यास गमावलें ते फजल अत्राचलीच्या बचावावर उपांत्य सामन्यापर्यंत पोंचले!

संघाच्या खर्चास मर्यादा असते हें येथें विसरून चालणार नाहीं. २०२३ त ती पांच कोटींची होती. पवनवर तिचा निम्म्याहून अधिक भाग खर्चल्यावर उरलेल्या रकमेंत सारा संघ उभा करावयाचा होता. बावीस सामन्यांपैकीं दोन जिंकून तो संघ तळाशीं राहिला. म्हणून गड्याचें मोल ठरवितांना तो किती गुण आणील एवढेंच विचारून भागत नाहीं. त्याच्या जागीं थोडक्या पैशांत मिळणारा गडी किती आणील, आणि वांचलेल्या पैशानें दुसरी कोणती उणीव भरून निघेल, हेंही विचारावें लागतें. याचा पडताळा आदल्याच वर्षीं मिळाला होता. २०२२ त तमिळ थलैवाजनें याच पवनला २ कोटी २६ लाखांस घेतलें. पहिल्याच सामन्यांत तो जायबंदी होऊन हंगामास मुकला. नरेंदर नांवाच्या नवख्या पोरानें भार उचलला, दोनशेंहून अधिक गुण केले, आणि संघ प्रथमच उपांत्य सामन्यांत आला.

कोणी म्हणेल, मग मोठी बोली करूंच नये काय? तसें नाहीं. २०२३ त पुणेरी पलटणनें इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईसाठीं २ कोटी ३५ लाख दिले आणि १ मार्च २०२४ रोजीं हरियाणास २८-२५ असें हरवून अजिंक्यपद मिळविलें. परंतु पलटणजवळ अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते हीं पोरें आधींच एकत्र मुरलेलीं होतीं. महागडा पाहुणा भरल्या घरांत आला होता. पुढच्या वर्षीं शादलुई २ कोटी ७ लाखांस हरियाणाकडे गेला, अजिंक्यपद हरियाणाकडे गेलें, आणि पुणें पहिल्या सहांतही राहिलें नाहीं. यावरून त्यास सोडणें ही चूक होती असें कित्येक म्हणतात. त्याच हंगामांत अस्लमचा गुडघा दुखावला होता हें मात्र ते सांगत नाहींत. २०२५ त शादलुई २ कोटी २३ लाखांस गुजरातेंत गेला. अंतिम सामना खेळले पुणें व दिल्ली. एका हंगामाच्या फळावरून मोल ठरविणाऱ्यांनीं हे तिन्ही हंगाम शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे.

या देवघेवींत खुद्द गड्याचा शब्द कितीसा चालतो? लिलावांत त्यानें आपला संघ निवडावयाचा नसतो. संघ त्याला निवडतो. पूर्वी बँका, रेल्वे, पोलीस यांचे संघ गड्यास नोकरी देऊन घेत. पगार बेताचा असे, पण गुडघा गेला तरी मेज-खुर्ची राही. आजच्या करारास हंगामांची मुदत असते. ज्याच्यावर कोटीची बोली झाली त्याची चिंता आम्हांस वाटत नाहीं. पायाभूत किंमतीवर विकला जाऊन राखीव बांकावर दोन हंगाम काढणारा आणि तिसऱ्या लिलावांत नांव पुकारलें असतां एकही हात वर न आलेला गडी विशीतच गांवीं परततो, तेव्हां त्याच्या हातीं काय उरलेलें असतें, याचा हिशेब कोणत्याही संघाच्या वहींत आढळत नाहीं.