हौस आणि हेतू : स्वनिवडीच्या प्रकल्पांचा एक विचार

‘विषय तुमच्या आवडीचा घ्या’ एवढे सांगून प्रकल्प विद्यार्थ्यांवर सोपवण्याची रीत आपल्या महाविद्यालयांत रुळली आहे. महिन्याभराने रंगीत मुखपृष्ठाच्या फायली टेबलावर येतात आणि आतला मजकूर बहुधा कोठून तरी उतरवलेला असतो. मग विद्यार्थ्यांच्या आळसाला बोल लावला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते दोष ‘आवडीची निवड’ या आपल्याच अपुऱ्या कल्पनेत आहे.

या कल्पनेला शास्त्रीय प्रतिष्ठा दिली ती कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील विल्यम किलपॅट्रिक यांच्या १९१८ सालच्या ‘द प्रोजेक्ट मेथड’ या निबंधाने. हेतू ठरवणे, आखणी करणे, काम पार पाडणे आणि त्याची पारख करणे असे चार टप्पे त्यांनी मांडले. शिक्षकाच्या मार्गदर्शनाची गरज ते नाकारत नाहीत. तथापि त्यांचा सारा भर विद्यार्थ्याच्या मनःपूर्वकतेवर आहे. जॉन ड्यूई यांनी १९३८ सालच्या ‘एक्स्पीरियन्स अँड एज्युकेशन’मध्ये एक मूलभूत भेद केला : ऊर्मी म्हणजे हेतू नव्हे. भोवतालचे निरीक्षण, पूर्वी काय घडले याचे ज्ञान आणि या दोहोंवरून केलेला निर्णय यांतून ऊर्मीचा हेतू बनतो. शिक्षकाचे खरे काम याच मधल्या वाटेवर आहे, आणि नेमकी तीच वाट आपण वगळतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखादी विद्यार्थिनी म्हणते, ‘मला गझल आवडते.’ ही हौस झाली. एवढ्यावर तिला सोडले तर ती गझलकारांची चरित्रे उतरवून आणील. पण शिक्षकाने तिच्यापुढे उर्दूचे दहा शेर ठेवावेत. माधव जूलियन यांच्या ‘गज्जलांजली’तले (१९३३) आणि सुरेश भटांच्या ‘रंग माझा वेगळा’मधले (१९७४) पाच-पाच शेर ठेवावेत आणि त्यांचे वजन मोजायला सांगावे. उर्दूत ‘से’, ‘की’ किंवा ‘मेरा’मधला ‘रा’ वृत्ताच्या गरजेनुसार लघु धरता येतो. मराठी वृत्तांत दीर्घ अक्षर सामान्यतः गुरूच राहते. हे ध्यानात आले की तिला आपणहून प्रश्न पडेल : मग मराठी गझलकाराने ही अडचण कशी निभावली? इथे हौसेचा हेतू झाला. विषय तिचाच राहिला. शिक्षकाने फक्त तिच्यापुढे सामग्री ठेवली. या प्रश्नाचे उत्तर उतरवून मिळणार नाही, ते मोजूनच काढावे लागेल.

आपल्याकडे या पद्धतीची परंपरा नाही, असेही नाही. १९२० साली स्थापन झालेल्या जामिया मिल्लियाच्या प्राथमिक शाळेत अब्दुल गफ्फार मुधोळी यांनी प्रकल्प पद्धत राबवली. मुलांची बँक, मुलांचे दुकान असे उपक्रम तेथे चालले. अशा कामात पारख कामातच असते. हिशेब जुळतो किंवा जुळत नाही. शिक्षकाच्या शेऱ्याची वाट पाहावी लागत नाही. आपल्या फायलींत हा चौथा टप्पाच नसतो, कारण त्यांची पारख पृष्ठसंख्येवर होते.

कोणी म्हणेल, शिक्षकाने एवढा हात घातला तर विद्यार्थ्याचे स्वातंत्र्य कोठे उरले? आक्षेप रास्त आहे, परंतु अपुरा आहे. माणूस पाहिलेल्यातूनच निवडतो. ज्या घरात पुस्तकांचे कपाट आहे, चर्चेची सवय आहे, तेथील मुलाची निवड आपोआप समृद्ध होते. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयाची पायरी चढले आहे, तेथील मुलीला ‘काहीही निवड’ म्हणणे म्हणजे रिकाम्या दुकानात नेऊन ‘हवे ते घे’ म्हणण्यासारखे आहे. अशा स्वातंत्र्याने घरची विषमता वर्गात जशीच्या तशी उतरते आणि तिच्यावर गुणपत्रिकेचा शिक्का बसतो.

म्हणून निवडीपूर्वी दोन-तीन तास निव्वळ पाहण्या-वाचण्यासाठी राखावेत. विषयाचे नाव न घेता विद्यार्थ्याकडून एक प्रश्न लिहून घ्यावा. अखेरीस तो पहिला प्रश्न आणि शेवटी हाती राहिलेला प्रश्न शेजारी ठेवून गुण द्यावेत. ज्याचा प्रश्न अधिक नेमका झाला, तो शिकला. मग फाईल आठच पानांची का असेना.