विषय आणि मांडणी : ‘अलीगढ’ चित्रपटाच्या निमित्ताने

चित्रपटांच्या परीक्षणाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा कोणते दृश्य कापले व कोणते राखले एवढ्यापुरतीच मर्यादित राहते. परंतु दृश्यास कात्री न लावताही एखादा विषय लोकांपासून दूर ठेवता येतो. हंसल मेहता दिग्दर्शित ‘अलीगढ’ (२०१६) या हिंदी चित्रपटाच्या ट्रेलरला मिळालेले प्रमाणपत्र हे याचे बोलके उदाहरण होय. चित्रपटाचा नायक मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे मराठीच्या अभ्यासकांनी तर या प्रश्नाकडे पाठ फिरविणे मुळीच उचित नव्हे.

चित्रपटामागील घटना सत्य आहे. नागपूरचे डॉ. रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवीत. ‘पायाखालची हिरवळ’ हा कवितासंग्रह त्यांच्या नावावर आहे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रवाणीचे वार्ताहर म्हणविणाऱ्यांनी त्यांच्या घरात शिरून एका पुरुषासमवेत त्यांचे चित्रण केले. विद्यापीठाने त्यांस निलंबित केले. १ एप्रिल रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. आणि ७ एप्रिल रोजी सिरस आपल्या घरी मृतावस्थेत आढळले.

या कथेत भडकपणास भरपूर वाव होता. दिग्दर्शकाने तो कटाक्षाने टाळला आहे. आरंभी कॅमेरा घराबाहेरच थांबतो. आत काय घडले हे प्रेक्षकास पुढे तुकड्यातुकड्यांनी कळत जाते. मनोज बाजपेयी यांनी उभे केलेले सिरस एकांतात पेला हाती घेऊन लता मंगेशकरांचे गाणे ऐकतात, न्यायालयात वकिलांचा वाद रंगला असता आपल्या कवितांचे भाषांतर करीत बसतात. आपल्या भावनेला तीन इंग्रजी अक्षरांत कोंबणारा शब्द त्यांना मान्य नाही. त्यांची तक्रार कवीची आहे, चळवळीच्या कार्यकर्त्याची नव्हे. विद्यापीठातील विरोधक मात्र काहीसे एकरंगी झाले आहेत, हा पटकथेतील उणेपणा मान्य करावयास हवा.

अशा संयत कलाकृतीच्या ट्रेलरला परीक्षण मंडळाने ‘केवळ प्रौढांसाठी’ असे प्रमाणपत्र दिले. समलिंगी संबंधांचा विषयच मुलांसाठी नव्हे, अशा आशयाचे समर्थन मंडळाच्या तत्कालीन अध्यक्षांनी केले. या निर्णयाचा परिणाम केवळ चित्रपटगृहापुरता नव्हता. २००६ मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार अनिर्बंध सार्वजनिक प्रदर्शनास योग्य ठरलेले चित्रपट व ट्रेलरच चित्रवाणीवर दाखविता येत. त्यामुळे एक विलक्षण विसंगती निर्माण झाली. चित्रवाणीच्या नावाने कॅमेरा सिरस यांच्या शयनगृहात शिरू शकला; परंतु त्या आक्रमणाची करुण कहाणी सांगणारा ट्रेलर चित्रवाणीवर येऊ शकला नाही.

मुलांच्या हिताचा विचार करू नये, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न निकषाचा आहे. संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने सभ्यता व नीतिमत्ता यांसाठी वाजवी निर्बंध मान्य केले आहेत. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये चित्रपटांचे पूर्वपरीक्षण वैध ठरविले. पण त्याच निर्णयात कामविषय आणि अश्लीलता या गोष्टी एक नव्हेत, विषय कसा हाताळला हे पाहिले पाहिजे, असेही बजावले. मंडळाने मांडणी न पाहता विषयाच्या नावावर निर्णय दिला असेल, तर त्याने या मर्यादेचेच उल्लंघन केले असे म्हणावे लागते.

खानदेशास हा अनुभव अपरिचित नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळे येथे निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तेथे आहे. त्यांच्या ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ या लेखनाचा आरंभीचा भाग १९२३ मध्ये ‘चित्रमयजगत्’ मासिकात येताच वाचकांत क्षोभ उसळला आणि पुढील प्रकाशन थांबले. पुढे ते लेखन ग्रंथरूपाने आले व अभ्यासकांस उपयोगी पडले. चित्रवाणीवरून वगळलेल्या विषयाचे तसे होत नाही. मुंबईत २०१० पासून समलिंगी जीवनावरील चित्रपटांचा ‘कशिश’ महोत्सव भरतो. एरंडोल वा शिरपूर येथील प्रेक्षकास तो दूरच. मौनाचा खरा भार अशा गावांवर, आणि तेथे आपल्या भावनेसाठी शब्द शोधणाऱ्या तरुणावर पडतो.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील परस्परसंमत समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. २०२३ च्या कायदेदुरुस्तीने वयानुसार नवी प्रमाणपत्रे आणली व प्रौढांसाठीच्या चित्रपटांस चित्रवाणीकरिता वेगळे प्रमाणपत्र देण्याची सोय केली. या सुधारणा स्वागतार्ह होत. परंतु परीक्षकाची दृष्टी विषयावरून मांडणीकडे वळल्यावाचून त्यांचे फळ पदरी पडणार नाही. ज्या गोष्टीचा गुन्हा उरला नाही, तिचा उच्चारही निषिद्ध मानावयाचा, तर अभिव्यक्तिस्वातंत्र्याला अर्थ तो काय राहिला?